नगरांतील घरावरचा आक्षेप आणि त्याचें उत्तर

शहरांत घर असलेल्या गृहस्थाच्या हातीं एखादे दिवशीं नगरसंस्थेचा कागद येतो. सज्जा रस्त्यावर आला आहे, भिंत धोक्याची झाली आहे, मोरीचें पाणी बोळांत सांचतें. अमुक मुदतींत खुलासा करावा, न केल्यास दंड होईल किंवा बांधकाम पाडण्यांत येईल, असा त्यांतील मजकूर असतो. ह्या कागदास सर्वत्र नोटीस म्हणतात. नांव इंग्रजी असल्यामुळें वस्तुही इंग्रजीच असावी, पूर्वीं ज्यानें त्यानें आपल्या जागेंत मनास येईल तसें बांधावें अशी मोकळीक होती, असा समज शिकल्यासवरल्या लोकांतही आढळतो. हा समज खरा नाहीं. आक्षेप कोणीं घ्यावा, उत्तरास मुदत किती, उत्तराचे प्रकार किती, पुरावा कोणीं द्यावा, आणि अधिकारीच चुकला तर त्यास शिक्षा काय, ह्या प्रत्येक गोष्टीचा विचार आपल्या धर्मशास्त्रांत व अर्थशास्त्रांत झालेला आहे. दंडांच्या याद्या पुष्कळ विद्वानांनीं छापल्या आहेत. परंतु ज्याच्यावर दंड बसावयाचा त्यानें न्यायासनापुढें उभें राहून काय म्हणावें, ह्या अंगाकडे लक्ष कमी गेलें आहे. प्रस्तुत लेखाचा रोख त्या अंगावर आहे. आमच्या मतें ह्या व्यवहाराचा निकाल नियमापेक्षां उत्तरावर, आणि उत्तरापेक्षां त्याच्या मागच्या पुराव्यावर लागत आला आहे. म्हणूनच जुने कागद जमविणाऱ्या मंडळींशीं त्याचा निकटचा संबंध पोंचतो.

प्रथम आक्षेप घेणारा कोण तें पाहूं. मनूनें आठव्या अध्यायांत बजाविलें आहे कीं, राजानें किंवा राजपुरुषानें आपण होऊन वाद उत्पन्न करूं नये, आणि दुसऱ्यानें आणलेला वाद गिळूंही नये. ह्यावरून प्राचीन व्यवहार म्हणजे केवळ दोन खाजगी माणसांचा तंटा, सरकार त्यांत वादी नसे, असा निष्कर्ष कित्येक काढतात. परंतु निबंधकारांनीं ह्या नियमास मोठा अपवाद सांगितला आहे. छल, पद आणि अपराध ह्या तीन वर्गांतील गोष्टी राजानें कोणाची फिर्याद नसतांही हातीं घ्याव्या. अपराध १०, पदें २२ आणि छल ५०. स्मृतिचंद्रिकेंत पितामहाच्या नांवावर छलांची जी यादी आहे, तिच्या अगदीं आरंभीं पथिभंगी, म्हणजे रस्ता मोडणारा, हा येतो; त्याच्या मागोमाग तटावरून उडी मारणारा, पाणवठ्याचा व देवालयाचा नाश करणारा वगैरे मंडळी येते. रस्ता, तट, पाणवठा, देऊळ ह्या वस्तु कोणा एकाच्या नव्हेत, म्हणून त्यांच्या वतीनें फिर्याद घेऊन येणारा एकटा मनुष्य सहसा सांपडत नाहीं. तो अभाव राजानें भरून काढावयाचा.

राजाला ही खबर देणारे दोन प्रकारचे. कात्यायनानें त्यांचीं नांवें स्तोभक व सूचक अशीं दिलीं आहेत. कोणीं सांगितलें नसतां पैशाच्या आशेनें दुसऱ्याचा दोष जो राजाच्या कानीं घालतो तो स्तोभक. आणि लोकांचे दोष पाहण्याकरितांच राजानें ज्याची नेमणूक केली आहे तो सूचक. आजचा नगरसंस्थेचा निरीक्षक तो हा सूचक होय. स्तोभकही शहरांतून नाहींसा झालेला नाहीं. शेजाऱ्यांत वांकडें आलें म्हणजे अर्ज कसे जातात हें कोणत्याही पेठेंतील वाचकास ठाऊक आहे. कात्यायनाचा मूळ ग्रंथ लुप्त आहे. निबंधग्रंथांत विखुरलेलीं वचनें वेंचून महामहोपाध्याय काणे ह्यांनीं १९३३ सालीं कात्यायनस्मृतिसारोद्धार प्रसिद्ध केला, तेव्हां हा सूचक आम्हां सर्वांस एका ठिकाणीं भेटला.

आतां नियम. कौटिलीय अर्थशास्त्र श्यामशास्त्री ह्यांनीं १९०९ सालीं म्हैसूर येथें छापून काढीपर्यंत ह्या विषयाची बरीच सामग्री पोथींतच पडून होती. त्याच्या दुसऱ्या अधिकरणाच्या शेवटच्या, म्हणजे ३६ व्या अध्यायांत नागरिकाचीं कामें आहेत. नागरिक म्हणजे येथें शहरांत राहणारा नव्हे, तर शहराचा मुख्य अधिकारी. रस्त्यावर केरमाती टाकल्यास पणाचा आठवा हिस्सा, चिखलपाण्यानें वाट तुंबविल्यास पाव पण, आणि हेंच राजमार्गावर केल्यास दुप्पट, असा दंड तेथें सांगितला आहे. मेलेलें मांजर, कुत्रें, मुंगूस किंवा साप नगरांत टाकणारास ३ पण, गाढव, उंट किंवा गुरूं टाकणारास ६, आणि मनुष्याचें प्रेत टाकणारास ५०. आगीच्या भीतीकरितां प्रत्येक घरीं पाण्याचे ५ घडे, शिडी, कुऱ्हाड, सूप, आंकडा, कातड्याची पिशवी इत्यादि साहित्य पाहिजे. नसल्यास पाव पण. दंड लहान आहेत, पण ते केवढ्या बारकाईनें लाविले आहेत तें पाहण्यासारखें आहे.

खुद्द घराविषयींचे नियम तिसऱ्या अधिकरणाच्या आठव्या अध्यायांत आहेत, आणि ते वाचतांना आपल्याच आळींतील भांडणें डोळ्यांपुढें येतात. सांडपाण्याची वाट शेजाऱ्याच्या भिंतीपासून ३ पद किंवा दीड अरत्नि दूर असावी. नियम मोडल्यास ५४ पण. गाडी व जनावरें ह्यांची जागा, चूल, जातें, उखळ हीं एक पद किंवा एक अरत्नि दूर. नियम मोडल्यास २४ पण. अरत्नि म्हणजे हातभर अंतर. दोन घरांमध्यें एक किष्कु किंवा ३ पद मोकळी जागा सोडावी, आणि दोहोंच्या पागोळ्यांत ४ अंगुळांचें अंतर असावें किंवा एक दुसरीवर यावी. पावसांत पन्हळ मोकळी न ठेवणारास १२ पण. पाण्यानें दुसऱ्याच्या भिंतीस इजा करणारास १२, आणि तीच इजा मलमूत्रानें झाल्यास २४. दुसऱ्यास बाधा होईल असें दार किंवा खिडकी काढल्यास प्रथम साहसदंड, म्हणजे कौटिल्याच्या मानानें ४८ पासून ९६ पणांपर्यंत. मात्र राजमार्गाकडे किंवा गल्लीकडे तोंड असल्यास हा दोष नाहीं. आणि ह्या सगळ्यावर एक फार शहाणपणाची सूट आहे : घरधन्यांनीं एकत्र बसून आपसांत ठरविल्यास त्यांनीं इच्छेप्रमाणें बांधावें व नको तें टाळावें. शेजाऱ्यांचें एकमत असेल तेथें राज्यानें मोजपट्टी घेऊन जाण्याचें कारण नाहीं असें कौटिल्यास वाटत असावें.

स्मृतिकारांत बृहस्पति व कात्यायन ह्यांचीं वचनें ह्या बाबतींत सर्वांत उपयोगी. शौचकूप, अग्नि, खड्डा व उष्ट्या पाण्याची जागा दुसऱ्याच्या भिंतीच्या फार जवळ करूं नये असें बृहस्पति म्हणतो. कात्यायन तें अंतर दोन अरत्नि असें नक्की करितो. ज्या वाटेनें माणसें व जनावरें बिनअटकाव जातातयेतात ती वाट कोणीं अडवूं नये, आणि तींत गर्दी करणारा, खड्डा खणणारा, झाड लावणारा किंवा बुद्ध्या घाण करणारा ह्यास एक माषक दंड करावा, असाही बृहस्पतीचा नियम आहे. नारदानें चव्हाटा, देवस्थान व राजमार्ग हीं तीन स्थळें उकिरडा, ओटा, खड्डा, मोरी व पागोळी ह्यांनीं न अडविण्याबद्दल सांगितलें आहे. ओटा आणि पागोळी! पुण्याच्या किंवा नाशिकच्या जुन्या पेठेंत नोटिशी कशाबद्दल निघतात तें पाहिलें तर हीच यादी पुन्हां हातीं येईल.

नियमाबरोबरच अपवाद सांगण्याची पद्धति येथें विशेष आहे. राजमार्गावर आपत्ति नसतांना घाण करणारानें दोन कार्षापण द्यावे व घाण लगेच काढावी, असें मनु नवव्या अध्यायांत सांगतो. पण पुढच्याच श्लोकांत संकटांत सांपडलेला, वृद्ध, गर्भिणी व बालक ह्यांना फक्त बोलावें व जागा साफ करवावी, दंड करूं नये, असें म्हणतो. कौटिल्यही औषध, रोग किंवा भय ह्या कारणानें असें झाल्यास माणूस अदंड्य ठरवितो. म्हणजे कृत्य कबूल असूनही दंड नाहीं, अशी एक जागा नियमकर्त्यांनीं प्रथमपासूनच ठेविली होती. जागा साफ करणें मात्र कोणासही चुकत नाहीं. दंड व दुरुस्ती ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली माफ झाली म्हणून दुसरी माफ होत नाहीं, हा भेद आजही नोटीस हातीं आलेल्या पुष्कळ गृहस्थांच्या लक्षांत येत नाहीं.

ह्यापुढें प्रश्न उत्तराचा. गप्प बसणें हें उत्तर नव्हे. कौटिल्य प्रतिवाद्यास ३ किंवा ७ रात्रींची मुदत देतो. तेवढ्यांत उत्तर न आल्यास ३ पासून १२ पणांपर्यंत दंड, आणि ३ पक्ष लोटले तरी उत्तर नसल्यास तो वाद हरला असें समजतो. याज्ञवल्क्यानें साहस, चोरी वगैरे तातडीच्या बाबतींत तत्काळ उत्तर मागितलें आहे, व इतर ठिकाणीं मुदत सभेच्या इच्छेवर सोडली आहे. नोटीस खणांत ठेवून दिल्यानें ती विसरली जाईल अशी आशा बाळगणारे लोक त्या काळींही असले पाहिजेत. नाहीं तर हे नियम कशाला लागते?

उत्तर चार प्रकारचें. ही विभागणी सर्व स्मृतिकारांस मान्य आहे, व विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत ती विस्तारानें मांडली आहे. एक उदाहरण घेऊन चालूं. सूचकानें असा आक्षेप घेतला कीं, ह्या घराचा सज्जा राजमार्गावर दोन हात पुढें आला आहे. धनी म्हणाला, होय, आला आहे. हें सत्योत्तर किंवा संप्रतिपत्ति. येथें पुराव्याचें काम संपलें. दंड भरावा, सज्जा मागें घ्यावा. धनी म्हणाला, सज्जा माझ्याच हद्दींत आहे, हें मिथ्योत्तर. ह्याचे पोटभेद चार केलेले आहेत : हें खोटें आहे, मला ठाऊक नाहीं, मी तेथें नव्हतों, आणि मी तेव्हां जन्मलोंही नव्हतों. शेवटचा पोटभेद वाचून हंसूं येतें, परंतु पणज्यानें बांधलेल्या घराच्या आजच्या धन्यास तोच सर्वांत खरा आहे. तिसरें कारणोत्तर किंवा प्रत्यवस्कंदन : सज्जा पुढें आहे हें कबूल, परंतु तो सरकारी परवानगीनें बांधला, किंवा रस्त्याची आंखणी होण्यापूर्वींचा आहे. आणि चौथें प्राङ्न्याय : ह्याच सज्ज्याबद्दल पूर्वीं वाद होऊन निकाल आमच्या बाजूनें झाला आहे, हें जयपत्र पाहा.

ह्या चारांतील भेद केवळ शब्दांचा नव्हे. पुराव्याचा भार कोणावर, हें त्यावर ठरतें. मिथ्योत्तर दिल्यास आक्षेप घेणारानें सिद्ध करावें. कारणोत्तर किंवा प्राङ्न्याय सांगितल्यास उत्तर देणारानें सिद्ध करावें. कबुली दिल्यास कोणींच कांहीं सिद्ध करावयाचें उरत नाहीं. त्यामुळें भोळा मनुष्य जें सर्वांत सोपें समजतो तें कारणोत्तर खरोखरी सर्वांत अवघड असतें. परवानगी होती म्हणतांच परवानगीचा कागद काढावा लागतो. शिवाय एकाच मुद्द्यावर दोन उत्तरें मिसळूं नयेत; तसें उत्तर संकीर्ण होऊन अनुत्तर ठरतें. सज्जा माझा नव्हे, आणि तो परवानगीनेंच बांधला आहे, असें एका दमांत म्हणणारा दोन्हीकडून हरतो. संदिग्ध, फार त्रोटक, फार पाल्हाळिक, आणि आक्षेपाच्या एकाच भागाला पोंचणारें उत्तरही सदोष मानिलें आहे. नगरसंस्थेस खुलासा लिहिण्याचे प्रसंग आम्हांस पुष्कळ वेळां शेजाऱ्यापाजाऱ्यांकरितां आले आहेत, आणि लोकांनीं स्वतः केलेल्या मसुद्यांत हा संकराचा दोष नेहमींचा आहे असें आम्हीं पाहिलें आहे. राग आलेला मनुष्य चारही उत्तरें एकदम देतो.

आतां पुरावा. लेख, भोग आणि साक्षी हीं याज्ञवल्क्याचीं तीन प्रमाणें. सामान्यतः लेख वरचढ. परंतु घराच्या बाबतींत कात्यायनानें एक अपवाद केला आहे, आणि मिताक्षरेंत तो घेतलेला आहे : दार, वाट, पाण्याचा मार्ग इत्यादि बाबींत भुक्तीच भारी, लेखही नव्हे व साक्षीही नव्हेत. ह्यांतील व्यवहारज्ञान उघड आहे. पन्हळ कोणत्या बाजूस पडते ह्याचा करार कोण लिहून ठेवितो? ती पडत आली आहे, एवढेंच. बृहस्पतिही घर वसलें तेव्हांपासून जें जितकें व जसें भोगिलें तें हालवूं नये, खिडकी, पन्हळ, सज्जा हीं पूर्वींचीं असल्यास तशींच ठेवावीं, असें म्हणतो. मग भोग किती जुना पाहिजे? मिताक्षरेच्या मतें माणसाच्या स्मरणांतला काळ १०० वर्षें. त्याच्या आंतील भोगास आगम, म्हणजे मूळ हक्क, दाखवावा लागतो. त्यापलीकडील अखंड भोग स्वतःच प्रमाण होतो. वीस वर्षें डोळ्यांदेखत दुसऱ्यानें जमीन भोगिली व धनी गप्प राहिला तर त्याची हानि होते, ह्या याज्ञवल्क्यवचनाचा अर्थही विज्ञानेश्वरानें आंवळून घेतला आहे : हानि फळाची, स्वामित्वाची नव्हे.

परंतु ह्या ढालीला एक भोंक आहे, आणि तें फार महत्त्वाचें. वीस वर्षांचा नियम सांगून याज्ञवल्क्य लगेच अपवाद देतो. त्यांत गहाण, सीमा, ठेव, अज्ञानाचें धन ह्यांबरोबर राजाचें धन येतें. राजाच्या वस्तूवर भोग चालत नाहीं. मग राजमार्गावर आलेला सज्जा जुना आहे एवढें म्हणून भागत नाहीं. तो राजमार्ग होण्याच्या आधींचा आहे हें दाखविलें पाहिजे, कारण बृहस्पतीचें संरक्षण पूर्वीं वसलेल्यास आहे. सगळा वाद शेवटीं एका तिथीवर येऊन ठेपतो : आधीं घर कीं आधीं रस्ता? आणि ही तिथि सांगणारा साक्षी शंभर वर्षांनीं जिवंत नसतो. म्हणून भुक्ति भारी असें शास्त्र म्हणत असतांही ती भुक्ति सिद्ध करावयास लेखाकडेच परत यावें लागतें.

हे ग्रंथ महाराष्ट्रास परके नव्हते. विज्ञानेश्वरानें मिताक्षरा कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यांत लिहिली. याज्ञवल्क्यावरील दुसरा थोर टीकाकार अपरार्क हा उत्तर कोंकणचा शिलाहार राजाच होता. आणि व्यवहारमयूखाचा कर्ता नीलकंठ काशीस राहणारा असला तरी त्याचें भट्ट घराणें पैठणचें. पेशवाईंत पुण्याचा विस्तार झाला तेव्हां रस्ते, बोळ व घरें ह्यांचे तंटे कोतवालीकडे येत. जागाजमिनींच्या खरेदीविक्रीसही कोतवालाची संमति लागे. भावांचें नियमन, वस्तीची गणना, सरकारी कामास मजूर पुरविणें हींही कामें त्याच चावडीचीं. १७७७ पासून १७९१ पर्यंत कोतवाल असलेल्या घाशीराम सावळदासाचा शेवट सर्वश्रुत आहे. त्याच्या दुष्कीर्तीमुळें कोतवाली म्हणजे केवळ जुलूम अशी समजूत रूढ झाली, आणि तिच्यामागचें रोजचें घरजागेचें काम नजरेआड झालें, ही अभ्यासाच्या दृष्टीनें खेदाची गोष्ट होय.

मराठी न्यायाच्या कागदांत स्मृतींचे चारही पाद दिसतात. वादी-प्रतिवाद्यांच्या तक्रीरी म्हणजे भाषा व उत्तर. साक्षी व महजर म्हणजे क्रिया. निवाडपत्र म्हणजे निर्णय. हरलेल्यानें लिहून दिलेलें येजितखत ही तर प्राङ्न्यायाची तयार शिदोरी. जिंकणारानें हरकी द्यावयाची व हरणारानें गुन्हेगारी भरावयाची, ह्यामुळें निकालाची नोंद सरकारच्या जमेंतही उतरे. निवाडपत्र ज्याच्या घरीं राहिलें, त्याच्या नातवास चौथें उत्तर मोकळें राहिलें. ज्याचें वाळवीनें खाल्लें, त्यास पहिल्या तिहींवर भागवावें लागलें.

इंग्रजी अमलाचा भाग थोडक्यांत आटोपूं, कारण तो छापील आहे. १८५० च्या २६ व्या कायद्यान्वयें मुंबई इलाख्यांत गांवोगांवीं नगरसंस्था स्थापन होऊं लागल्या. पुण्याची १८५७ ची. पुढें १८७३, १८८४, १९०१ व १९२५ चे कायदे झाले, मुंबई शहराचा स्वतंत्र कायदा १८८८ चा. १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका कायद्याखालीं पुण्याची महानगरपालिका १९५० सालीं झाली. तो आतां महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम ह्या नांवानें चालतो. त्याच्या २६० व्या कलमांत नियमाविरुद्ध बांधणारास प्रथम लेखी नोटीस देऊन, बांधकाम कां पाडूं नये ह्याचें पुरेसें कारण लेखी किंवा समक्ष दाखविण्यास सांगावें असें आहे. पुरेसें कारण! कारणोत्तर हाच शब्द दुसऱ्या वेषांत परत आला. मोडकळीस आलेल्या इमारतींकरितां २६४ वें कलम निराळें आहे. तेथें प्रश्न हक्काचा नसून भिंतीच्या बळकटीचा असतो, आणि दोहोंचीं उत्तरें एकमेकांत मिसळणें म्हणजे पुन्हां संकर होय. नोटिशीवर कलमाचा आंकडा लिहिलेला असतो. उत्तर लिहिण्यापूर्वीं तो वाचावा.

मुंबईच्या १८८८ च्या कायद्यांतील ३१४ व्या कलमानें रस्त्यावरचें अतिक्रमण नोटिशीवांचूनही काढतां येत असे. पदपथावर राहणाऱ्या लोकांच्या वतीनें त्यास आव्हान मिळालें, आणि ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका ह्या वादांत सर्वोच्च न्यायालयानें १० जुलै १९८५ रोजीं निकाल दिला. न्यायालयानें पदपथावर कोणाचा हक्क मानिला नाहीं. परंतु नोटिशीवांचून काढतां येतें ह्याचा अर्थ नोटीस देऊंच नये असा होत नाहीं, ऐकून घेणें हाच सामान्य नियम, असें ठरविलें, व पावसाळा संपेपर्यंत झोपड्या हालविण्यास मनाई केली. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालांत त्याच न्यायालयानें घरें पाडण्याविषयीं सर्व देशास निर्देश दिले : निदान १५ दिवसांची नोटीस, समक्ष सुनावणी, कारणें दिलेला हुकूम, आणि निर्देश मोडून घर पाडणाऱ्या अधिकाऱ्यांकडून पदरमोडीनें भरपाई. रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरील अनधिकृत बांधकाम मात्र ह्या निर्देशांतून वगळलें. घरास संरक्षण, राजमार्गास अपवाद. याज्ञवल्क्यानें राजधन ज्या कारणानें वगळिलें त्याच्या हें अगदीं जवळचें आहे. अधिकाऱ्याच्या जबाबदारीचीही गोष्ट नवी नाहीं. वादी-प्रतिवाद्यांस धमकावणाऱ्या, हांकलणाऱ्या किंवा बोलूं न देणाऱ्या न्यायाधीशास, आणि सांगितलेलें न लिहिणाऱ्या व न सांगितलेलें लिहिणाऱ्या लेखकास कौटिल्यानें चवथ्या अधिकरणांत प्रथम साहसदंड ठेविला आहे. सगळें आमच्या पोथ्यांत होतें, अशी फुशारकी मारण्याचा मात्र आमचा हेतु नाहीं. पोथींतील दंड अधिकाऱ्याकडून प्रत्यक्ष वसूल होणें हें तेव्हांही सोपें नसणार.

आतां आमच्या वाचकांशीं ज्याचा खरा संबंध तो मुद्दा. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या ९० व्या कलमांत ३० वर्षांहून जुना लेख योग्य ताब्यांतून आला असल्यास तो खरा आहे असें न्यायालयास मानतां येतें असा नियम होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ९२ व्या कलमांत तो कायम आहे. योग्य ताबा म्हणजे तो लेख स्वभावतः ज्याच्याजवळ असावयाचा त्याच्याजवळ असणें. येथेंच संग्राहकाचा हात घरधन्याच्या उत्तरावर पडतो. वाडा पाडण्याच्या गडबडींत माळ्यावरचे रुमाल कोणी रद्दीवाल्यास देतो, कोणी संग्राहकास देतो. रद्दीवाल्याकडे गेलेला कागद नष्ट होतो हें सर्वांस दिसतें. परंतु संग्राहकाकडे गेलेला कागद जिवंत राहूनही घराच्या कामीं मुका होऊं शकतो, हें फारसें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. खरेदीखत कोठून आलें, कोणीं दिलें, केव्हां दिलें, हें सांगतां येत नसेल तर त्याच्या खरेपणाबद्दलचा हा सोपा आधार निसटतो. १९६१ च्या जुलैंत पानशेतच्या पुरानें पुण्याच्या नदीकांठच्या पेठांतील वाडे बसले, तेव्हां जे कागद चिखलांतून वेंचून निघाले त्यांच्याबाबत ही अडचण उघडच होती.

म्हणून आमची विनंति अशी. ज्या घरावर नोटीस आहे किंवा येण्याचा संभव आहे, त्या घराचीं खरेदीखतें, वांटणीपत्रें, निवाडपत्रें व परवानग्या मूळरूपानें धन्याजवळच राहूं द्याव्या. संग्राहकानें छायाप्रत घ्यावी. मूळ कागद घेणें भागच पडलें तर देणाराच्या सहीची तारीखवार यादी करून घ्यावी, तींत घराचा नंबर, खोली व रुमालाचें वर्णन असावें. ज्या रुमालांत जो कागद निघाला त्याच रुमालांत तो ठेवावा. विषयवार लावणी करणारे आमचे कांहीं उत्साही मित्र हा सल्ला मानीत नाहींत. परंतु पुण्याची एक मोजणीची पावती व तिला चिकटून असलेलें खत वेगवेगळ्या पुडक्यांत गेलें कीं दोहोंची किंमत निम्म्याहूनही कमी होते.

आणि घर पडून गेलें म्हणून त्याचें खत निरुपयोगी समजूं नये. प्रत्येक खरेदीखतांत चतुःसीमा असते : पूर्वेस अमक्याचें घर, पश्चिमेस सरकारी बोळ, दक्षिणेस अमक्याची पडकी भिंत, उत्तरेस रस्ता. अशा रीतीनें एका घराचा कागद चोहोंकडच्या शेजाऱ्यांचा साक्षी होतो. आधीं घर कीं आधीं रस्ता ह्या प्रश्नाचें उत्तर नोटीस आलेल्या घराच्या दप्तरांत पुष्कळदां नसतें. तें पलीकडच्या, कधींच पाडल्या गेलेल्या वाड्याच्या खतांत, पश्चिमेकडील सीमेच्या एका ओळींत, तिथि-वारासह लिहिलेलें असूं शकतें.